जुना ट्रॅक्टर विकण्यापूर्वी त्याची पाठ पाहा

(ऊस विकास विभागातर्फे)



गळीत हंगाम आटोपत आला की आमच्या विभागाकडे ठरावीक चौकशा सुरू होतात. बेणे कोणत्या मळ्यातले मिळेल, माती परीक्षणाचा कागद कधी येईल, ताग-धैंचाचे बी आले का, वगैरे. अलीकडे त्यांत आणखी एका चौकशीची भर पडली आहे. "साहेब, जुना पस्तीसचा ट्रॅक्टर मोडीत घालून नवा पन्नासचा घ्यावा म्हणतो. ऊसबिलातून हप्ता कापायचं पत्र मिळेल काय?" पत्र देणे न देणे आमच्या हाती नाही, ते वरिष्ठ आणि बँक पाहून घेतील. परंतु विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांचे उसाचे क्षेत्र चार-सहा एकरांच्या पुढे नसते आणि घरचा जुना ट्रॅक्टर चालू स्थितीत असतो, असे आमच्या पाहण्यात आहे. मोडीवाला ट्रॅक्टरचे वजन बघतो. आपण त्याची पाठ पाहावी, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथमच सांगून टाकतो की आम्हांला जुन्या ट्रॅक्टरांचा लळा आहे. गटात फिरताना एखाद्या गोठ्याशेजारी लाल मॅसी, इंटरनॅशनल बी-२७५, झेटर किंवा निळा फोर्ड दिसला, की आमची मोटारसायकल आपोआप थांबते. काही सभासदांनी ही यंत्रे बैलासारखी सांभाळली आहेत. बेंदराला त्यांना हार पडतो, पोळ्याचा नैवेद्य दाखवला जातो. एका आबांनी तर नांगरटीनंतर ट्रॅक्टर धुतल्याशिवाय स्वतः जेवायला न बसण्याचा नेम केला आहे. त्यांचा मुलगा ट्रॅक्टर विकायचा म्हणतो, तर आबा आम्हांला म्हणाले, "सायेब, त्याला इचारा, ह्याच्या लिफ्टला काय झालंय? काय बी न्हाई. नुसतं जुनं झालंय म्हणून इकायचं, तर मग मला बी इका की!" आबांचा राग बाजूला ठेवू. लिफ्टचा मुद्दा मात्र अगदी बरोबर आहे. ट्रॅक्टरचा जीव इंजिनात खरा, पण त्याचा उपयोग पाठीमागच्या तीन दांड्यांत आहे.

रुमण्यावरचा हात

ही तीन दांड्यांची रचना कोठून आली ते समजून घेतले म्हणजे ती वापरावी कशी हेही उमजते.

बैलांच्या नांगराने ज्यांनी नांगरट केली आहे, त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. फाळ कठीण जागी रुतू लागला, बैल ओढीला आले, की नांगऱ्याचा रुमण्यावरचा हात तेवढ्यापुरता सैल होतो, नांगर किंचित वर घेतो, आणि जागा पार पडली की पुन्हा दाब देतो. हे काम डोळ्यांनी होत नाही, हाताला कळते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासेल अशी शंका घेऊन लोक सुरुवातीला तो घ्यायला धजत नव्हते. नांगराचे लाकूड जाऊन लोखंड आले, पण रुमण्यावरचा हात होताच.

ट्रॅक्टर आला तेव्हा हा हात गेला. पहिल्या काळातले ट्रॅक्टर नांगराला साखळीने किंवा आकड्याने नुसते मागून ओढत. नांगर वेगळा, ट्रॅक्टर वेगळा. ओढीसाठी चाकांना पकड हवी आणि पकडीसाठी वजन हवे, म्हणून ट्रॅक्टर अवजड करावे लागत. अवजड ट्रॅक्टर जमीन दाबून टाकी. त्याहून वाईट म्हणजे फाळ दगडाला किंवा मुळाला अडकला, तर मागची चाके जागीच राहून पुढचा भाग उचलला जाई आणि ट्रॅक्टर उलटा होऊन चालकाच्या अंगावर येई. अशी माणसे दगावली आहेत.

आयर्लंडच्या उत्तर भागातील काउंटी डाऊन येथे १८८४ साली जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन ह्या शेतकऱ्याच्या मुलाने ह्यावर तोड काढली. गडी मोठा खटपट्या. १९०९ साली त्याने स्वतः बांधलेले विमान स्वतः उडवले होते. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली, तेव्हा ट्रॅक्टरांची नांगरट सुधारण्याच्या कामावर सरकारने त्याला नेमले आणि तेथे त्याने हे सगळे दोष जवळून पाहिले. नांगर ट्रॅक्टरच्या मागे ओढायचा नाही, ट्रॅक्टरच्याच अंगाचा करायचा, हा त्याचा विचार. खाली दोन हात आणि वर एक दांडा, ज्याला आपण टॉप लिंक म्हणतो, अशा तीन ठिकाणी अवजार जोडायचे आणि तेलाच्या दाबाने उचलायचे. १९३३ साली त्याने ह्या रचनेचा पहिला काळा ट्रॅक्टर बनवला. १९३८ साली अमेरिकेत हेन्री फोर्डबरोबर त्याने केवळ हातात हात देऊन करार केला, कागद केला नाही. पुढे फोर्डच्या नातवाने तो व्यवहार मोडला, मोठा खटला झाला आणि १९५२ साली ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. (सामाईक विहिरीचे पाळीपत्रक तोंडी ठेवणाऱ्या सभासदांनी ह्याची नोंद घ्यावी.)

१९४६ पासून इंग्लंडात कोव्हेंट्री येथे त्याचा छोटा करडा ट्रॅक्टर निघू लागला. वजन सव्वा टनाच्या आतच, पण दहा वर्षांत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर तयार झाले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते ह्याच करड्या ट्रॅक्टरांना पट्टे चढवून. १९५३ साली फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिळाली आणि मॅसी फर्ग्युसन हे नाव पुढे रूढ झाले. १९६० साली मद्रासला टॅफे कंपनी निघाली आणि ती परंपरा आपल्या बांधापर्यंत आली. त्याच सुमारास, १९५९ साली, फरिदाबादला आयशर निघू लागला होता. महिंद्रांनी १९६३ साली परदेशी इंटरनॅशनल कंपनीशी भागीदारी केली आणि कांदिवलीचा बी-२७५ आला. १९७१ साली पिंजोरचा एच.एम.टी. झेटर आला, तर १९७४ साली स्वराज. रंग निरनिराळे, पण पाठीमागची तीन दांड्यांची जोडणी सगळ्यांनी त्या एकाच माणसाची घेतली. आजच्या साठ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरलाही तीच आहे.

टॉप लिंक ढकलते, ओढत नाही

आता मुख्य गोष्ट. चालू नांगरटीत ट्रॅक्टरशेजारी चाला आणि टॉप लिंककडे बघा. पुष्कळांची समजूत असते की वरचा दांडा नांगराला ओढून धरतो. वास्तविक काम करताना तो उलट पुढे ढकलला जातो. फाळाला माती मागे खेचते, त्यामुळे नांगर खालच्या दोन हातांच्या टोकांवर फिरू पाहतो आणि त्याचा वरचा भाग पुढे रेलतो. ही ढकल टॉप लिंकमधून ट्रॅक्टरच्या पाठीवर येते आणि पुढची चाके वर उचलू देत नाही. शिवाय नांगराचे वजन आणि मातीची खालची ओढ मागच्या चाकांवर येऊन पडते. म्हणजे पकडीसाठी लागणारे वजन काम चालू असेपर्यंत नांगरच पुरवतो. हलका ट्रॅक्टर दोन फाळी नांगर ओढतो, त्याचे कारण हे आहे.

टॉप लिंक पाठीला जेथे जोडलेली असते तेथे एक जाड स्प्रिंग आहे. फाळ कठीण जागी गेला की ढकल वाढते, स्प्रिंग दबते, आतला व्हॉल्व्ह सरकतो आणि लिफ्ट नांगराला बोटभर वर घेते. जागा मऊ लागली की नांगर पुन्हा खाली जातो. ह्यालाच ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. म्हणजे रुमण्यावरचा जो हात गेला होता, तो यंत्राच्या रूपाने परत आला. फाळ दगडाला घट्ट अडकला तर बहुधा चाके जागीच फिरतात, ट्रॅक्टर उलटत नाही.

हे सारे आपल्या जुन्या ट्रॅक्टरात आहे, पण वापरात नाही, असा आमचा अनुभव आहे. आसनाशेजारी दोन दांड्या असतात, एक पोझिशनची व एक ड्राफ्टची. (अगदी जुन्या करड्या फर्ग्युसनला एकच.) पुष्कळ चालक सगळी कामे पोझिशनवर करतात, कारण शिकवणाऱ्याने तसेच शिकवले. पोझिशन म्हणजे ट्रॅक्टरच्या मानाने अवजाराची उंची कायम ठेवणे. सपाट केलेल्या रानात सरी पाडायला, बांधणीला ती योग्य. नांगरटीला मात्र ड्राफ्टच हवा. नांगरट पोझिशनवर केली तर कठीण पट्ट्यात इंजिन दबते, चालक हाताने लिफ्ट वरखाली करीत बसतो, तास कमीजास्त खोल पडतो, डिझेल जादा जळते, आणि शेवटी दोष जातो ट्रॅक्टरच्या वयाला! "ओढत न्हाई आता" म्हणून विकायला काढलेल्या एका ट्रॅक्टरची स्प्रिंग गंजून जाम झालेली आम्ही पाहिली आहे. ती मोकळी करून घेतल्यावर तोच ट्रॅक्टर त्याच रानात दोन फाळी नांगर घेऊन फिरला.

उसाच्या कोणत्या कामाला कोणते अवजार

पस्तीस हॉर्सपॉवरच्या जुन्या ट्रॅक्टरला दोन फाळी साधा नांगर मानवतो. भारी काळ्या रानात ओल उतरू द्यावी, वाफसा यावा, घाई करू नये. बारा इंची दोन फाळ, ताशी चार किलोमीटर चाल, आणि वळणाला जाणारा वेळ धरून एकराला साधारण सव्वादोन तास लागतात. हायड्रॉलिकने पलटणारा नांगर ह्या ट्रॅक्टरला लावण्याचा आग्रह धरू नये. त्याला तेलाची वेगळी दुहेरी लाईन लागते, ती जुन्या ट्रॅक्टरांना नसते आणि तेवढे वजन लिफ्टलाही झेपत नाही. खालचा घट्ट थर फोडण्याचे सबसॉयलरचे कामही मोठ्या ट्रॅक्टरचे आहे. ते तीन-चार वर्षांतून एकदा, उसाचा नवा फेर धरताना करायचे असते, तेव्हा भाड्याने करून घ्यावे. पाचट कुट्टीच्या यंत्राबद्दलही हेच. काही सभासदांनी पस्तीसच्या ट्रॅक्टरला कुट्टी यंत्र लावून पाहिले. इंजिन तापते, चाल बैलाहून कमी पडते. त्या नादी लागू नये.

सरी पाडणे हे मात्र जुन्या ट्रॅक्टरचे खास काम. जमीन नांगरून, तव्याचा कुळव फिरवून, फळी मारून तयार असेल तर दोन फाळी रिजर तो सहज ओढतो. साडेचार फुटी सऱ्या असतील तर एक एकर तासाच्या आत होतो. येथे तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, दोन्ही खालचे हात समपातळीत हवेत. उजव्या हाताच्या उचल-दांड्याला फिरवायचा हँडल असतो तो त्यासाठीच आहे, पण कित्येक ठिकाणी तो गंजून बसलेला असतो. हात वरखाली राहिले तर एक सरी खोल आणि एक उथळ पडते आणि पुढे वर्षभर पाणी एकीत तुंबते, दुसरीला पोहोचत नाही. दुसरी गोष्ट टॉप लिंकची लांबी. ती फार आखूड केली तर रिजरचे नाक रुतते, फार लांब केली तर शेपूट घासते. रिजर कामात असताना त्याची चौकट जमिनीला समांतर दिसली पाहिजे. तिसरी गोष्ट बाजूच्या साखळ्या. नांगरटीला त्या सैल ठेवाव्यात, नांगराला थोडे डोलायला जागा लागते. सरी पाडताना आणि उसात काम करताना आवळाव्यात, नाहीतर सरी नागमोडी जाते. नागमोडी सरी बघायला कुणी येत नाही हे खरे, पण पुढे बांधणीला ट्रॅक्टर घालताना ऊस चाकाखाली जातो तो ह्याच वाकडेपणापायी.

पाच फुटी लागण करणाऱ्यांसाठी एक मुद्दा सविस्तर सांगण्यासारखा आहे. जुन्या ट्रॅक्टरांची चाके जवळ-लांब करता येतात. मागच्या चाकाची रिम आणि मधली ताटली उलटसुलट बसवून चार-चार इंचांच्या टप्प्याने अंतर बदलते. पुढचा आसही तसाच भोकाभोकाने लांबतो. विकत घेतल्यापासून ज्यांनी हे एकदाही केले नाही असे सभासद शेकड्यांनी सापडतील. पाच फूट म्हणजे ६० इंच. मागच्या दोन चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ६० इंच ठेवले, की एक ओळ ट्रॅक्टरच्या पोटाखाली आणि दोन्ही चाके शेजारच्या दोन पट्ट्यांत बरोबर बसतात. रिजरचे दोन्ही फाळही ६० इंचांवर सरकवून घ्यावेत, म्हणजे ते चाकांच्या मागोमाग चालतात आणि चाकाने दाबलेली माती लगेच मोकळी होते. ह्या पद्धतीने ऊस गुडघ्याएवढा होईपर्यंत बाळबांधणी होऊ शकते. त्यापुढे पोंगे पोटाखाली मोडतात. तेव्हा मोठी बांधणी पॉवर टिलरने किंवा दोन ओळींतून जाणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरनेच करावी.

खोडव्यात तर ह्याची खरी मौज आहे. ऊस तुटून गेला, बुडखे जमिनीसरसे छाटले, की पोटाखाली उंच काहीच नाही. चाके सरीतून, खोडव्याची ओळ मधोमध, आणि मागच्या फाळांनी वरंब्याच्या बगला फुटतात. जुन्या मुळ्या तुटून नव्या फुटतात आणि खत मुळाशी पडते. मात्र जे सभासद सर्व सऱ्यांत पाचट ठेवतात, त्यांनी बगला फोडण्याच्या फंदात पडू नये. फाळात पाचट गुंडाळून सगळे गोळा होऊन येते. त्यांनी पहारीने खत द्यावे. पाचट सरीआड ठेवले असेल तर मोकळ्या सरीकडची बगल फोडता येते, पण तेव्हा चाकांखाली काय येते हे बघून. पाचट मात्र पेटवू नका, हे आम्ही दर अंकात लिहितो, म्हणून येथे इतकेच.

नवीन अवजार घेताना त्याच्या पिनांचा आकार मोजा. जुन्या पस्तीसला साधारणपणे पहिल्या गटाच्या पिना असतात, खाली पाऊण इंचाहून एक सूत जाड म्हणजे २२ मिलिमीटर आणि वर १९ मिलिमीटर. मोठ्या ट्रॅक्टरांची अवजारे दुसऱ्या गटाची, २८ आणि २५ मिलिमीटरची असतात. मोठ्या भोकात बारीक पिन घालून, वर गोणपाटाचा तुकडा गुंडाळून चालवलेले अवजार आम्ही पाहिले आहे. त्याने भोक लांबट होते आणि एके दिवशी पिन उडते. योग्य मापाचे बुश मिळतात, लेथवरही करून मिळतात.

लिफ्ट उचलत नाही तेव्हा

मॅसी-फर्ग्युसन घराण्याच्या जुन्या ट्रॅक्टरांबद्दल एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे मिस्त्रीला पुष्कळ पैसे जातात. त्यांचा हायड्रॉलिक पंप मागे पेटीच्या आत असतो आणि तो पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओची दांडी बंद असेल तर लिफ्ट उचलणारच नाही. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरात क्लच दाबला की लिफ्टही थांबते. दुहेरी क्लचमध्ये पायडल अर्धे दाबले की चाल थांबते आणि पूर्ण दाबले तरच पीटीओ व लिफ्ट थांबते. तेव्हा पेटी उघडण्याआधी दांडी बघावी.

दुसरे, ह्या ट्रॅक्टरांत गिअरचे तेल आणि लिफ्टचे तेल एकच. ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर राहिला की गिअरच्या दांडीच्या फाटक्या रबरातून पाणी आत उतरते. तेल दुधासारखे पांढरे दिसू लागले तर समजावे की पाणी शिरले. हे तेल बदलायचे सोडून नुसती भर घालणारे सभासद पंप आणि बेअरिंग दोन्ही गमावतात. रबर थोडक्या पैशांचे असते. त्याचप्रमाणे इंजिनाच्या तेलाच्या एअर क्लीनरची वाटी धुळीच्या दिवसांत वरचेवर उघडून धुवावी आणि खुणेपर्यंतच तेल भरावे. तव्याचा कुळव मारताना जेवढी धूळ उडते, तेवढी कुठल्या इंजिनाला सोसत नाही.

येथे जिवाची गोष्ट आहे

लेखाचा हा भाग कृपया घरातल्या चालकाला, गड्याला वाचून दाखवावा.

तोडणीच्या दिवसांत ओल्या रानात ट्रॉली रुतते. मग दुसरा ट्रॅक्टर येतो, साखळी बांधायची घाई होते, आणि खालचा हूक चिखलात असल्यामुळे साखळी टॉप लिंकच्या वरच्या कानात किंवा आसाभोवती अडकवली जाते. असे कधीही करू नये. वर जे सांगितले की टॉप लिंक पुढे ढकलते आणि ट्रॅक्टरला सावरते, त्याच्या नेमके उलट येथे होते. वरच्या जागेवरून मागे ओढ लागली की पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे पालथा होतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. फर्ग्युसनने काढलेली रचना अवजार जोडण्यासाठी आहे, ओढण्यासाठी नाही. ओढायचे ते फक्त खालच्या ड्रॉबारच्या हुकाला. चिखल असेल तर खोऱ्याने उकरा, अर्धी ट्रॉली रिकामी करा, तासभर जाईल तो जाऊ द्या.

पीटीओच्या फिरत्या शाफ्टवर झाकण हवे. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक, पदर, शर्टाची बाही त्यात सापडली तर सोडवायला सवड नाही. चालू शाफ्ट ओलांडून पलीकडे जाऊ नये.

आणि जुना पस्तीसचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या लावून कारखान्यावर आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओढायला तो ओढतो, थांबवायला थांबवत नाही. उतारावर मागचे ओझे त्याला पुढे लोटते. जवळच्या वस्तीवरून बेणे, शेणखत, वैरण आणायला एक ट्रॉली पुरे. रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेकची पायडले खिटीने जोडून घ्यावीत. शेतात वळायला ती सुटी केलेली असतात आणि तशीच राहून जातात. मग ऐन वेळी एकच चाक अडते. ट्रॉलीला मागे तांबड्या परावर्तक पट्ट्या हव्यातच.

हिशेब कसा मांडावा

एक एकर उसाला दोन नांगरटी, कुळव, सरी, बांधणी मिळून वर्षाला सुमारे दहा तास ट्रॅक्टर लागतो. पाच एकरांना पन्नास तास. आता हिशेबापुरते समजा, नवा ट्रॅक्टर आठ लाखांचा घेतला आणि दहा वर्षांनी तीन लाखांना गेला. वर्षाला घट ५० हजार. सरासरी साडेपाच लाखांवर दहा टक्क्यांनी व्याज ५५ हजार. विमा व देखभाल २५ हजार. एकूण १ लाख ३० हजार रुपये. पन्नास तासांत भागले की तासाला २,६०० रुपये पडले, आणि ह्यात डिझेलचा थेंब नाही. तोच ट्रॅक्टर वर्षाला ५०० तास चालला तर तासाला २६० रुपये पडतात. म्हणजे ज्यांच्याकडे तेवढे काम आहे, भाड्याची गिऱ्हाइके आहेत किंवा वाहतुकीचा करार आहे, त्यांनी नवा जरूर घ्यावा.

जुन्याचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडावा. समजा त्याला मोडीत नव्हे, तर चालू म्हणून दीड लाख येतात. त्याचे व्याज १५ हजार, दुरुस्ती ३० हजार, विमा ५ हजार. पन्नास तासांना तासाला १,००० रुपये. आपल्या गावचा भाड्याचा दर ह्याशेजारी लिहून बघा. कदाचित भाड्याचा ट्रॅक्टरच स्वस्त पडेल! पण वाफसा आलेल्या आठवड्यात भाड्याचा ट्रॅक्टर कुणाच्या रानात असतो, हे प्रत्येकाने आठवावे. आकडे आपापले घाला, पद्धत हीच ठेवा.

आवडीपोटी कोणताही जुना ट्रॅक्टर ठेवावा असे आमचे म्हणणे नाही. इंजिनाचा ब्लॉक चिरला असेल, मागची पेटी वेल्डिंग करून जोडलेली असेल किंवा सुटे भाग शोधायला दर खेपेस तीन गावे फिरावी लागत असतील तर तो काढावा. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. अशा ट्रॅक्टरवर मोठा खर्च करण्याआधी लागणारा भाग हातात आला आहे की नाही हे बघावे आणि मगच इंजिन उघडावे. नोंदणीची मुदत व विमाही तपासावा.

विकायचे ठरण्यापूर्वी एक सोपी परीक्षा घरीच करा. इंजिन तापू द्या, नांगर पूर्ण उचला, पीटीओ चालू ठेवून इंजिन मंद करा आणि दहा मिनिटे बघा. नांगर झटके देत खाली-वर होत असेल तर लिफ्टमधून तेल गळते आहे. मग टॉप लिंकचा मागचा पिन काढून पाठीवरचा जोड हाताने हलवून बघा. थोडा ढिला वाजत असेल तर स्प्रिंग सैल आहे, ती आवळून घेता येते. तिसरे, पहिल्या पावसाआधी मागच्या पेटीतले थोडे तेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाणी जमले आहे का ते दिसेल. ह्या तिन्ही गोष्टींची टिपणे करून आपल्या गट कार्यालयात आणावीत. चाकांचे अंतर ६० इंचांवर घ्यायचे असल्यास लागणीच्या नोंदीबरोबरच तसे सांगावे, म्हणजे आमचा कृषी साहाय्यक मोजपट्टी घेऊन रानावर येईल.